एका दिवसात दाखवलेलं हैदराबाद

आमच्या कडेगाव भागात हैदराबाद न पाहिलेला पुरुष सापडणं अवघड आणि हैदराबाद पाहिलेली बाई सापडणं त्याहून अवघड. मी पाहून आले. तेही चारमिनारपासून तलावातल्या बोटीपर्यंत सगळं, एका दिवसात, दोन पोरं सांभाळत. म्हणून ज्या बायकांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. जेवण चांगलं होतं हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी कडू बोलले तर कुणी म्हणायला नको की हिला काही गोडच लागत नाही.

आमची माणसं तिकडं जातात ती गलाईच्या धंद्यासाठी. गलाई म्हणजे जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यातलं हीण काढायचं आणि शुद्ध सोनं सराफाच्या हातात द्यायचं. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस आमच्या तालुक्यातला नाहीतर शेजारच्या तालुक्यातला निघतो. पुरुष तिकडं, बायका इकडं, ऊस आणि म्हशी आणि सासूसासऱ्यांपाशी. ही सगळ्यांच्याच घरची रीत.

आमच्या घरात मात्र पाळी ठरली होती. दोन भाऊ हैदराबादच्या एकाच दुकानात. थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी आधी आपलं बायकोमूल तिकडं न्यायचं. त्यांची मुलगी दहावी झाली की थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, गावचं घर सांभाळायला यायचं आणि मी माझी पोरं घेऊन तिकडं जायचं. माझ्या स्वराच्या बारशाला सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हे चारचौघांत सांगितलं होतं. तेव्हापासून मी वाट बघत होते. म्हशीची धार काढताना वाट बघितली, उसाला पाणी पाजताना बघितली, नवरा दिवाळीला येऊन आठ दिवसांनी परत गेला की पुन्हा बघितली.

यंदा पुतणी दहावी झाली. स्वरा आता तिसरीत जाणार, धाकटा शंभू पहिल्यांदाच शाळेत. एप्रिलच्या शेवटाला आमच्या ह्यांचा फोन आला, "सुट्टी लागली की पोरास्नी घिऊन ये हिकडं." मला दुसरं काय कळणार? पाळी आली, एवढंच कळलं.

आता मी काय केलं ते ऐका. मे महिन्यात आमच्याकडं वर्षाची चटणी होते. मिरच्यांचे देठ खुडायचे, कांदा-लसूण-खोबरं भाजायचं, सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. मी यंदा दोन घरांची चटणी केली. सासूबाईंची त्यांच्या बरणीत भरली आणि आमच्या चौघांची, हैदराबादच्या बिऱ्हाडाची, पत्र्याच्या डब्यांत दाबून भरली. वर सांडगे, शेवया, एक पोतं शाळू. बसच्या टपावर हे चढवताना क्लीनर म्हणाला, "वैनी, ट्रकच करायचा व्हता की." मी हसले. परमुलखात माझ्या पोरांना कालवण सपक लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुकान, आणि वर दोन खोल्या

गुलजार हौजच्या मागच्या बोळात दुकान आहे. दुकान म्हणजे भट्टी, दोन माणसं बसतील एवढी जागा आणि तेजाबाच्या, म्हणजे सोनं शुद्ध करायच्या ॲसिडच्या बरण्या. वर दोन खोल्या, त्यात दादा, आक्का आणि पुतणी. आमचे हे खाली दुकानात भट्टीपाशीच झोपतात. सोन्याच्या धंद्यातलं घर म्हणून मी काय काय मनात धरलं होतं कोण जाणे. खिडकी उघडली की तेजाबाचा वास आणि लावली की जीव गुदमरतो. त्या वासात राहून आक्कांचा आवाज घोगरा झालेला, बोलता बोलता खोकतात. आमच्या गावच्या घरी परसात उभं राहिलं की डोंगरापर्यंत मोकळं दिसतं. इथं समोरच्याच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा दिसतो. तरीही मी मनातल्या मनात चूल कुठं मांडायची, पोरांची दप्तरं कुठं टांगायची, हे ठरवून मोकळी झाले होते.

दुकानाची एक रीत पोरांना फार आवडली. दुकानातला केर कधी टाकत नाहीत. झाडून पोत्यात साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात जातं, कारण त्यात सोन्याचा कण असू शकतो. बाहेर पडताना दारातल्या गोणपाटावर पाय झटकून मगच चप्पल घालायची. शंभू दिवसभर उगाच आत-बाहेर करून पाय झटकत होता. आपल्या पायाला लागलेलं सोनंसुद्धा आपलं नसतं, हे चार वर्षांच्या पोराला खेळ वाटतं, मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

चटणीचे डबे वर चढवले तेव्हा दादा खूष झाले. "वा! औंदाची आमची चटणी मिटली की!" मला वाटलं चेष्टा करतायत. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी डब्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सगळे डबे मुकाट्यानं कॉटखाली सरकवले. मी मनात म्हणाले, आलं का पोटात दुखायला? इतकी वर्षं शहरात राहिलीस, पोरगी इंग्रजी शाळेत शिकवलीस, आता जा की शेणात हात घालायला. खरं सांगते, मी एवढी वाईट बोलले मनात. तोंडानं गोड गोड बोलत शेवया उलगडून दाखवत होते.

रविवार

बाजाराची सुट्टी होती. दादांनी दिवसभरासाठी मोठी गाडी ठरवली. "आज समदं हैदराबाद दावायचं पोरास्नी. कायसुदिक ऱ्हायला नगो," म्हणाले. पुतणी तेवढी घरीच राहिली. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून पुढच्या सीटवर. मला बरं वाटलं. किती वर्षांनी आम्ही चौघं एका गाडीत बसलो होतो, ते आठवायलाही मला वेळ लागला.

चारमिनार बोळाच्या टोकालाच. टीव्हीत दिसतो तो एकटा उभा असतो. प्रत्यक्षात त्याच्या पायाशी एवढी गर्दी की मान वर करायला जागा नाही. आत अंधारा गोल जिना, पुढच्याची टाच आपल्या नाकाशी. वर गेल्यावर स्वरानं विचारलं, "आई, आपलं घर कुठलं?" मी दुकानाच्या बोळाकडं बोट दाखवलं. हे शेजारीच होते, पण मोबाईलमध्ये फोटो काढत होते.

खाली येऊन चहा घेतला. दुधाचा घट्ट चहा आणि बशीत खारट-गोड बिस्किटं. पोरांनी बिस्किटं बुडवून खाल्ली, अर्धी कपात विरघळली आणि ती चमच्यानं काढण्यावरून भांडली. मग लाखेच्या बांगड्यांची गल्ली. दिव्यांखाली बांगड्या अशा चमकतात की बाईमाणसाची अक्कल गहाण पडते. मी आणि आक्का एका दुकानाशी थबकलो, दादा पाण्याची बाटली आणायला गेले, हे पुढं चालत राहिले. शंभूचा हात त्यांच्या हातात आहे असं मी समजले आणि माझ्या हातात आहे असं ते समजले.

पोरगा गेला. बुरख्यातल्या बायका, हातगाड्या, अत्तरवाले, रिक्षा, आणि माझं पोरगं नाही. तेवढ्यात गर्दीतून त्याचं रडणं ऐकू आलं. तो ओरडत होता, "आवं! आवं!"

हे कळायला एक गोष्ट सांगायला हवी. मी ह्यांना नावानं हाक मारत नाही, आमच्याकडं मारत नाहीत. फोनवर मी म्हणते, "आवं, ऐकताय न्हवं?" शंभूनं बापाला बघितलंय फोनवर जास्त आणि समोर कमी. त्यामुळं बापाचं नाव 'आवं' आहे असंच त्याला वाटतं. गावात आम्ही हसायचो. त्या गल्लीत मला हसू आलं नाही. कारण पोरगा जिवाच्या आकांतानं 'आवं' ओरडत होता, आणि हे तिथून जेमतेम दोन दुकानं पुढं, पाठमोरे, जुन्या नाण्यांच्या टोपल्यात बघत उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. ऐकू आलं नाही असं नव्हे. आपल्याला कुणी हाक मारतंय, हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका बांगडीवाल्या म्हाताऱ्या बाईनं त्याला उचलून काउंटरवर बसवलं होतं. "किसका बच्चा है जी? अम्मा को बुलारा क्या?" म्हणत होती. मी पोराला ओढून घेतलं. त्या बाईनं त्याच्या हातात एक लहानशी हिरवी बांगडी घातली, पैसे देऊ केले तर हात हलवून नको म्हणाली. हे धावत आले आणि मलाच म्हणाले, "आगं, लक्ष कुठं हाय तुजं?"

जेवायला बिर्याणी. दादांनी अगत्यानं मोठ्या हॉटेलात नेलं, उभं राहून वाढायला लावलं. मटण असं शिजलेलं की बोटानं सुटत होतं. पण रस्सा म्हणून जे आलं ते आंबट. आमच्याकडं पाहुण्याला मटण घातलं की त्याच्या नाकातून पाणी आलं पाहिजे, नाहीतर घरातली बाई आळशी म्हणतात. स्वरा म्हणाली, "आई, घरी गेल्यावर तू तुझी चटणी घालून कर." आक्कांनी पटकन पाण्याचा ग्लास उचलला.

प्राणिसंग्रहालयात वाघ झोपला होता. उन्हात आम्हीही झोपायच्या बेतात होतो. गव्यापुढं उभं राहून स्वरानं जाहीर केलं की ही आपलीच म्हैस आहे, फक्त हिला कुणी धुतलेलं नाही.

गोवळकोंडा

या किल्ल्याची एक गंमत आहे. खालच्या दरवाजातल्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर, पार डोंगरमाथ्यावर ऐकू येते. वाटाडे टाळ्या वाजवून दाखवतात. स्वरानं फर्मान काढलं, "आई, तू हितंच थांब. आमी वर गेलो की टाळी वाजीव. मला ऐकू येती का बघते." दादा, हे आणि पोरं वर गेली. आक्कांना पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या, दरवाजापर्यंत येतानाच त्यांना धाप लागली होती. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत बसलो.

मला जरा टोचावं वाटलं. म्हटलं, "आक्का, मन लागंल न्हवं तुमचं गावाकडं? का इथल्याची आठवण येत ऱ्हाईल?"

आक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुला कुनी काय सांगितलंच न्हाई व्हय गं?"

"काय?"

"डबं बघितलं तवाच मी वळखलं. म्हणलं, ही तर ऱ्हायाला आलीया. शनिवारची तिकिटं काढल्यात तुमची. माघारी जायाची."

"आवं पण पाळी आमची हाय."

"तुमचीच हाय. मी तर होळीपास्नं सामान बांधून बसलीया. ह्या वासात माजी छाती गेली. डाक्टर म्हणतुया गावाकडं जावा. आमच्या ह्यांनी बी जा म्हणलं. तुज्या नवऱ्यानं न्हाई म्हणलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी पुन्हा विचारलं, "कुणी?"

"तुज्याच नवऱ्यानं. म्हणला, वैनी, तुमच्यानं गावाकडचं व्हायाचं न्हाई, तिथं तीच पायजे. म्हणला, मी सुट्टीत बोलवून एकदा समदं शहर दावतो तिला. म्हंजी तिच्या मनात काय ऱ्हायाचं न्हाई." आक्का खोकल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी लय भांडले गं. पर माजं कोन ऐकतंय."

घुमटाखाली लोक टाळ्या वाजवत होते. कॉलेजची पोरं, म्हातारे, नवी लग्नं झालेली जोडपी. मी आक्कांचा हात धरून बसले. आठ वर्षं मी या बाईला मनात शिव्या दिल्या होत्या, की ही माझी जागा अडवून बसलीय. ती तर दारात उभी होती, माझ्यासाठी दार मोकळं करून. दार लावणारा माझ्या घरचाच होता, आणि सकाळी अत्तर लावून माझ्या पुढच्या सीटवर बसला होता.

आणि मग मला सकाळपासूनचं सगळं एका झटक्यात समजलं. जी बाई राहायला येते तिला कुणी शहर एका दिवसात दाखवत नाही. तिला पहिल्या दिवशी किराणा कुठं मिळतो ते दाखवतात, दूधवाला दाखवतात, शाळा दाखवतात. चारमिनार काय, तो पुढं कधीतरी होतो. एका दिवसात सगळं दाखवतात ते पाहुण्याला.

पोरं खाली आली ती फुरंगटूनच. स्वरा म्हणाली, "दुसऱ्यांच्या किती टाळ्या आल्या. तुझी आलीच न्हाई."

"वाजवली की," मी म्हणाले. "वाऱ्यात गेली असंल."

हुसेनसागर

संध्याकाळी तलाव. पाण्याच्या मधोमध दगडी बुद्ध उभा, भोवती बोटी. काठावर वारा चांगला होता, पाण्याला वास होता. दादा पोरांना घेऊन कणसं भाजून घेत होते. आम्ही दोघं कठड्याशी.

मी म्हटलं, "आवं, आक्कांनी सांगितलं मला."

त्यांनी काय सांगितलं असं विचारलं नाही. तेवढा खरेपणा होता. कठड्यावर बोटं वाजवत म्हणाले, "हे बघ, वैनी दोन म्हैन्यात घर बुडवंल. आबांची औषधं, ऊसतोडीच्या टोळ्या, डेरीला दूध, समदं तू कसं वळणावर आणलंयास. तुज्यासारखी बाई हाय म्हणून मी हितं बिनघोर हाय. लोक मला म्हणत्यात, तुजं घर म्हंजी तुजी बायको."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझं एवढं कौतुक केलं. मला वाटलं, हे कौतुक नसतं, मी गबाळी असते, माझ्या हातून दूध नासत असतं, तर आज माझ्या पोरांना बाप मिळाला असता.

"आन पोरं?" मी विचारलं.

"पोरं झ्याक हायत की तुज्यापाशी."

"आन तुमी?"

"मी? माजं काय, माजं चाललंय की."

मला राग येईल असं मला वाटलं होतं, पण आधी लाज वाटली. इतकी वर्षं मी समजत होते की हे तिकडं आमच्यावाचून दिवस ढकलतायत, भट्टीपाशी एकटे झोपतायत, डब्यातलं गार खातायत. मी त्यांच्या वाट्याचंही दुःख करत होते. आणि त्यांचं चाललं होतं.

पोरं कणसं खात आली. बोटीत बसलो. शंभू पाण्यात हात घालायला बघत होता म्हणून मी त्याची चड्डी मुठीत धरून ठेवली. स्वरा अगदी पुढं बसली, वाऱ्यानं केस उडत होते तिचे. मागं वळून म्हणाली, "पप्पा, आता आपण हितंच ऱ्हाणार न्हवं? मग दर रविवारी बोटीत बसायचं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मला ओळखीचं आहे. आबांना काही कडू सांगायचं असलं की हे असंच माझ्याकडं बघतात आणि मी सांगते. टोळीच्या मुकादमाला नाही म्हणायचं असलं की मी म्हणते. दिवाळीनंतर जाताना पोरं रडायला लागली की हे बॅग उचलतात, माझ्याकडं बघतात, आणि मी पोरांना सांगते, पप्पांना काम आहे, पप्पा लवकर येतील. सगळं वाईट माझ्या तोंडून जायचं आणि खाऊ ह्यांच्या हातून.

"तुमीच सांगा," मी म्हणाले.

त्यांनी बोटवाल्याला विचारलं की अजून किती वेळ लागेल. काठाला लागल्यावर आईस्क्रीम आणायला गेले.

कडेगाव

शनिवारच्या गाडीनं परत आलो. ह्यांनी बस हलेपर्यंत स्वराला काही सांगितलं नाही. ती खिडकीतून हात हलवत होती, तिला वाटत होतं आपण सामान आणायला चाललोय. चटणीचे डबे तिथंच ठेवले. आक्का म्हणाल्या घेऊन जा, पण त्या छातीनं त्या बाईनं आता चटणी कुठं कुटायची?

स्टँडवर उतरले तेव्हापासून बायका भेटतायत. "नशीब काढलंस बाई. नवऱ्यानं हैदराबाद दावलं." मी हो म्हणते. चारमिनार सांगते, बिर्याणी सांगते, बांगड्यांची गल्ली सांगते. शंभू हरवला तेही सांगते, सगळ्या हसतात.

शाळा सुरू झाली. दोघांना इथल्याच शाळेत मीच नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर स्वरानं मला विचारलं, "आई, आपली शाळा तिकडं का न्हाई?" पूर्वीची मी असते तर काहीतरी जोडून सांगितलं असतं, न वाजवलेली टाळी वाऱ्यात गेली म्हणाले तसं. मी म्हटलं, "पप्पांचा फोन आला की त्यास्नी विचार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन आला की मी उचलत नाही. स्वराला देते. ती रोज तेच विचारते आणि ते रोज वेगळं सांगतात. एकदा म्हणाले तिकडं लय ऊन असतं. एकदा म्हणाले तिकडची भाषा अवघड आहे. एकदा म्हणाले दिवाळीला आलो की सांगतो. परवा म्हणाले, "आईकडं दे जरा फोन."

मी गोठ्यात म्हशीखाली बसले होते, चरवी गुडघ्यात धरून. स्वरा फोन घेऊन दारात आली. मी मानेनंच नको म्हटलं.

"आईचं हात मोकळं न्हाईत," तिनं फोनमध्ये सांगितलं. "तुमीच सांगा."